एकास सदतीस

सकाळी ६.१५

आज दहावीला जोडतास आहे, म्हणजे सलग ऐंशी मिनिटं. गणित भाग दोनच्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण निर्देशक भूमितीचं. त्यात आधी दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र येतं, मग विभाजनाचं सूत्र, मध्यबिंदू, मध्यगासंपात, आणि सर्वांत शेवटी रेषेचा चढ. मधे एवढं सगळं येऊन गेल्यावर अंतर आणि चढ यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मुलांच्या ध्यानातच येत नाही. दोन सूत्रं दोन वेगवेगळ्या आठवड्यांत पाठ होतात आणि परीक्षेत एकमेकांत मिसळतात. म्हणून मी हा क्रम माझ्यापुरता बदलला आहे. अंतर आणि चढ एकाच दिवशी, एकाच आकृतीवरून शिकवायचे.

चहा उकळेपर्यंत बिंदू निवडते. या कामाला वेळ द्यावा लागतो, कारण मूल नेमकं कुठे अडखळणार हे बिंदू ठरवतात. पहिली जोडी ए(−३, २) आणि बी(५, ८). आडवा फरक ८, उभा फरक ६. अंतर १० आणि चढ सहा भागिले आठ, म्हणजे ३/४. यात एकच ऋण संख्या मुद्दाम ठेवली आहे. पाचातून उणे तीन वजा करताना ज्याला ८ ऐवजी २ मिळतील, त्याचं अंतरही चुकेल आणि चढही, आणि चूक नक्की कुठे झाली ते त्याला आणि मला दोघांनाही लगेच दिसेल. दुसरी जोडी (−२, ७) आणि (३, −५). आडवा फरक ५, उभा फरक −१२, अंतर १३, चढ −१२/५. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ ही पायथागोरसची त्रिकुटं मुलांना पाठ असतात, त्यामुळे सुरुवातीला आकडेमोडीत जीव जात नाही.

तिसरी जोडी मात्र (१, १) आणि (४, ३). अंतर √१३. हे उत्तर पूर्णांकात येत नाही आणि येऊ नये. सतत गुळगुळीत उत्तरं मिळत गेली की वर्गमूळ शिल्लक राहिल्याबरोबर मुलं आपलंच गणित खोडून टाकतात. बरोबर उत्तर खोडलेली वही बघायला मला फार वाईट वाटतं.

सकाळी ८.२०

बदलापूरहून कर्जत लोकल. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या या वेळी ओसंडून वाहत असतात. आमच्या बाजूला बसायला मिळतं, त्यामुळे कालच्या गृहपाठाच्या वह्या गाडीतच तपासून होतात. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. पाच स्थानकांत एक गठ्ठा.

पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका तीन. पहिली, चढ काढताना आडवा फरक वर आणि उभा फरक खाली. दुसरी, √(९ + १६) चं उत्तर ३ + ४ करून ७. ही चूक आकृती न काढल्यामुळे होते. त्रिकोणाचा कर्ण दोन बाजूंच्या बेरजेएवढा आला तर तो त्रिकोणच उरत नाही, हे चित्र समोर असेल तर कुणालाही कळतं.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त शिकवून जाते. मूल वर दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा करतं आणि खाली पहिल्यातून दुसरा. ए आणि बी यांच्यासाठी वर ८ − २ = ६, खाली −३ − ५ = −८, आणि चढ −३/४. रेषा डोळ्यांसमोर वर चढते आहे आणि उत्तर ऋण. गंमत अशी, की याच मुलाने याच उलटसुलट वजाबाक्या वापरून काढलेलं अंतर अगदी बरोबर असतं. सहाचा वर्ग छत्तीस, उणे आठचा वर्ग चौसष्ट, बेरीज शंभर, अंतर दहा. वर्ग केल्यावर चिन्ह नाहीसं होतं, त्यामुळे अंतराला क्रमाची पर्वा नसते. भागाकारात चिन्ह टिकून राहतं, म्हणून चढाला वर आणि खाली एकच क्रम लागतो. दोन्हींत त्याच दोन वजाबाक्या आहेत. एका सूत्रात त्यांचे वर्ग करून बेरीज करायची, दुसऱ्यात त्यांचा भागाकार करायचा. आज फळ्यावर हेच पहिलं वाक्य असेल.

नेरळला उजव्या हाताला माथेरानचा डोंगर सरकत येतो. खाली छोट्या गाडीचा दोन फुटी रूळ दिसतो. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी सुमारे वीस किलोमीटर वळणं घेत वर जाते. तिच्या वाटेवरचा तीव्र चढ एकास वीस, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. नेरळ आणि माथेरान यांच्या उंचीत साधारण साडेसातशे मीटरचा फरक आहे. सबंध वाट एकास वीसनेच चढवायची म्हटली तरी साडेसातशे गुणिले वीस, म्हणजे पंधरा किलोमीटर रूळ लागणार. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन ठिकाणं याहून पुष्कळ जवळ आहेत. डोंगराची उंची काही कमी करता येत नाही. चढ सौम्य हवा असेल तर लांबी वाढवावी लागते, आणि सरळ जागा नसेल तर ती लांबी वळणांत घडी घालून बसवावी लागते. माथेरानच्या गाडीचं प्रत्येक वळण या हिशेबातून आलेलं आहे.

सकाळी ९.१५

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी एक गाडी उभी आहे आणि तिच्या मागच्या बाजूला बँकर इंजिनं जोडण्याचं काम चालू आहे. बोरघाटाचा चढ एकास सदतीस. एवढ्या चढावर जड गाडी पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून ढकलणारी इंजिनं लावतात आणि घाट चढून गेल्यावर ती काढून घेतात. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी कुणाचे वडील, कुणाचे काका रेल्वेत आहेत. 'बँकर' शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

हा घाटमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली त्याची आखणी झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका हाती घेऊन काम पुरं करवून घेतलं. डोंगर फोडणारे हजारो मजूर होते, आणि अपघातांत व रोगराईत त्यांतले कितीतरी गेले. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. एकास सदतीस हा आकडा कागदावरून दगडात उतरवणारी माणसं होती, एवढं तरी मुलांना ठाऊक असायला हवं.

सकाळी १०.४०

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, परिपाठ. पहिला तास नववीचा. आलेख कागदावर बिंदू मांडणं, चरण ओळखणं. (२, ५) आणि (५, २) एकाच जागी मांडणारी तीन-चार मुलं अजून आहेत. त्यांना फळ्याशी बोलावून आधी पावलं मोजत आडवं चालायला लावते, मग खडू उचलून वर. हा तास नेहमीपेक्षा वेगळा नव्हता.

दुपारी १२.००

दहावीचा जोडतास.

फळ्यावर दोन अक्ष, ए आणि बी हे दोन बिंदू, त्यांना जोडणारा रेषाखंड. मग ए पासून आडवी तुटक रेघ, बी पासून खाली उभी तुटक रेघ. ती जिथे मिळतात तो बिंदू (५, २). काटकोन त्रिकोण तयार झाला. "याच्या दोन बाजू सांगा." आठ आणि सहा. "आता दुसऱ्या प्रकरणात काय शिकलात?" पायथागोरस. कर्ण दहा. अंतराचं सूत्र अजून फळ्यावर लिहिलेलं नाही आणि अंतर निघालंसुद्धा. "आता ही रेघ किती चढी आहे ते सांगायचंय. आठ पावलं पुढे गेल्यावर किती वर गेलो?" सहा. "मग एका पावलाला?" पाऊण. चढही निघाला.

सूत्रं त्यानंतर लिहिली. आधी त्रिकोण, मग सूत्र, हा क्रम मी कधीही सोडत नाही. सूत्र विसरलं तर त्रिकोण पुन्हा काढता येतो. त्रिकोण माहीतच नसेल तर विसरलेलं सूत्र कुठून आणायचं? आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, भुज, कोटी आणि कर्ण यांचे हिशेब आहेत. त्यात अक्ष नाहीत, निर्देशक नाहीत, पण त्रिकोण हाच आहे. देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा. बीजगणित आणि भूमिती यांची सांगड त्यात घातली गेली आणि पुढच्या लोकांनी त्यातून आजचे दोन अक्ष घडवले. आपण शाळेत शिकवतो ती आकृती या दोन्ही परंपरांना सामावून घेणारी आहे, आणि ती पाठांतराच्या दोन ओळींत कोंबली जाते याचं मला मनापासून दुःख होतं.

मग घाट फळ्यावर आणला. (०, ०) पासून (३७, १) पर्यंत एक रेघ. चढ १/३७. लांबी √(१३६९ + १), म्हणजे √१३७०, साधारण ३७.०१३५.

"बाई, म्हणजे सदतीस मीटरला दीड सेंटिमीटरसुद्धा जास्त नाही?" एकाने विचारलं. त्याला ते पटत नव्हतं. घाट एवढा चढा, गाडीला मागून इंजिन लावावं लागतं, आणि तिरकी लांबी सपाट लांबीहून फक्त साडेतेरा मिलिमीटर जास्त? पुन्हा आकडेमोड केली. तेवढीच आली. एका किलोमीटरला सदतीस सेंटिमीटरही नाही. मग चढ वाढवून पाहिला. चढ १/१२, म्हणजे (१२, १), लांबी √१४५, सुमारे १२.०४. चढ १/२, म्हणजे (२, १), लांबी √५, सुमारे २.२४. चढ १, म्हणजे (१, १), लांबी √२, सुमारे १.४१. सौम्य चढावर सपाट आणि तिरकी लांबी जवळजवळ सारखीच राहते. चढ निम्मा केला की जास्तीची लांबी निम्मी न होता साधारण पाव होते. रेल्वेच्या चढावर हा फरक नगण्य, जिन्यावर मात्र मोजावाच लागतो. गाडीला जड जातं ते हे दीड सेंटिमीटर चालणं नव्हे, सबंध वजन एक मीटर वर उचलणं. हे वाक्य विज्ञानाच्या तासाचं आहे, पण मुलाने विचारल्यावर आपला तास नाही म्हणून थांबायचं नसतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने आपल्या आलेख कागदावर कोनमापक ठेवला. "बाई, माझा घाट पंचेचाळीस अंश येतोय." तिने जागा पुरावी म्हणून एक्स-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर ३७ मीटर धरले होते आणि वाय-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर एक मीटर. कागदावर रेघ खरोखरच पंचेचाळीस अंशांत उभी होती. खरा कोन जेमतेम दीड अंश. सबंध वर्ग तिच्या वहीभोवती गोळा झाला आणि मी होऊ दिला. दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं असेल तर डोळ्यांना दिसणारा कोन खोटा, आणि पट्टीने मोजलेली लांबीसुद्धा खोटी. निर्देशकांवरून काढलेला चढ आणि काढलेलं अंतर मात्र खरंच राहतं. वर्तमानपत्रातले भाववाढीचे आलेख असेच अक्ष ताणून छापले जातात. ते कसे वाचायचे याचा पहिला धडा तिच्या कोनमापकाने दिला.

उरलेल्या वेळात उलट फिरणारी गाडी. बोरघाटाच्या जुन्या मार्गावर खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका दिशेने चढत तिथे पोचायची, थांबायची, आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढायची. पुढे नवा मार्ग झाल्यावर त्याची गरज उरली नाही. कागदापुरतं सोपं करून फळ्यावर तीन बिंदू मांडले: ए(०, ०), बी(३७०, १०), सी(०, २०). एबी चा चढ १/३७. बीसी चा चढ (२० − १०) भागिले (० − ३७०), म्हणजे −१/३७.

"पण बाई, गाडी तर चढतेच आहे. मग चढ ऋण कसा?"

या प्रश्नासाठीच ते तीन बिंदू होते. लगेच उत्तर दिलं नाही. "सी पासून बी पर्यंत उलट मोजून बघा." १० − २० भागिले ३७० − ०. पुन्हा −१/३७. गाडी बी कडून सी कडे जावो की सी कडून बी कडे, चढ तोच. मग कुणीतरी म्हणालं, "चढ गाडीचा नाही बाई, रुळाचा आहे." बरोबर. डावीकडून उजवीकडे बघत गेलं तर ती रेषा उतरते, एवढंच ऋण चिन्ह सांगतं. त्यावरून जाणारा चढतो की उतरतो, हे तो कुठून निघाला यावर ठरतं. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचं समाधान पुरतं झालं नव्हतं. तिच्या कपाळावर आठी तशीच होती.

शेवटची दहा मिनिटं शून्य चढ आणि नसलेला चढ यांना दिली. स्थानकाच्या आवारातला रूळ जवळजवळ सपाट ठेवतात. चढ एकास चारशेपेक्षा जास्त असू नये असा रेल्वेचा दंडक आहे, नाहीतर उभे डबे आपोआप घरंगळतील. पूर्ण सपाट रेषेचा चढ शून्य. झेंड्याच्या खांबाला मात्र चढ नाही. आडवा फरक शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. पण खांबाची लांबी आहे ना? आहे. चांगली मोजता येते. म्हणजे प्रत्येक रेषाखंडाला लांबी असते, प्रत्येकाला चढ असतोच असं नाही. हे मुलांनी मी न सांगता वहीत लिहून घेतलं.

दुपारी १.२५

डबा. भूगोलाचे सर शेजारी बसून समोच्चरेषांबद्दल बोलत होते. "बाई, तुमच्या मुलांना आज माझ्याकडे पाठवा, ती चढ फार चटकन काढतील." १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्चरेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. नकाशावर त्या रेषा दोन मिलिमीटरवर असतील तर जमिनीवर शंभर मीटर, चढ २०/१००, म्हणजे एकास पाच. रेषा जितक्या दाट तितका डोंगर उभा. "सर, पुढच्या आठवड्यात आपण एक तास मिळून घेऊ," म्हटलं. त्यांनी लगेच वेळापत्रक काढलं.

दुपारी २.१०

मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घेतलेली होती. दहावीची तुकडी टेप, आलेख कागद आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन शाळेच्या दर्शनी भागाकडे. तिथे पायऱ्यांच्या कडेला रॅम्प आहे. आठवीतला एक मुलगा चाकांच्या खुर्चीवर येतो आणि त्याचे मित्र त्याला त्या रॅम्पवरून वर नेतात. दोघं मागून जोर लावतात तेव्हा खुर्ची वर चढते. "म्हणजे ते बँकर," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले, आणि मग कुणी हसलं नाही, कारण उतरताना काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

उंची मोजायला गवंड्यांची पद्धत. नळीचं एक टोक जोत्याच्या कडेशी, दुसरं रॅम्पच्या पायथ्याशी धरायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं, आणि त्या पातळीपासून दोन्हीकडे खाली मोजून वजाबाकी केली की उंचीतला फरक मिळतो. मुलांनी तीनदा मोजलं. ४५ सेंटिमीटर. रॅम्पवर टेप टाकून तिरकी लांबी, ३.६० मीटर.

"आता आडवं अंतर मोजायला टेप जमिनीच्या आतून घालणार का?" मी विचारलं. नाही. कर्ण आणि उभी बाजू माहीत आहे. ३.६० चा वर्ग १२.९६, ०.४५ चा वर्ग ०.२०२५, वजाबाकी १२.७५७५, वर्गमूळ सुमारे ३.५७. चढ ०.४५ भागिले ३.५७. एकास आठच्या जवळपास.

चाकांच्या खुर्चीसाठीचा रॅम्प एकास बारापेक्षा चढा असू नये, असा सार्वजनिक इमारतींचा निकष आहे. ही गोष्ट मी आधी सांगितली नव्हती. आता सांगितली. घाटात गाडीला एकास सदतीसवर मागून इंजिन लागतं, आणि आपल्या शाळेतला मित्र रोज एकास आठ चढतो. मुलं काही वेळ काहीच बोलली नाहीत. मग सगळी एकदम बोलायला लागली.

उंची ४५ सेंटिमीटर. ती कमी करता येणार नाही. एकास बारा हवा, म्हणजे आडवं अंतर ५.४० मीटर. सध्या आहे ३.५७. पावणेदोन मीटरहून जास्त रॅम्प वाढवावा लागेल. टेप पुढे नेला. जोत्यापासून साडेचार मीटरवर गटार.

"सरळ बसत नाही बाई."

"मग माथेरानची गाडी काय करते?"

दुपारी ३.३०

वर्गात परत. सगळ्यांनी मिळून आराखडा केला. रॅम्प दोन भागांत. पहिला भाग २.७० मीटर पुढे, वर साडेबावीस सेंटिमीटर. मग दीड मीटरचा सपाट कट्टा, खुर्ची वळवायला. मग दुसरा भाग पहिल्याला लागून, उलट दिशेने, पुन्हा २.७० मीटर आणि पुन्हा साडेबावीस सेंटिमीटर. पुढे एकूण जागा ४.२० मीटर लागते. गटाराच्या आत बसतं. रुंदी मात्र दुप्पट लागणार, म्हणजे सायकलींची रांग थोडी सरकवावी लागेल.

बाजूने दिसणारं चित्र आलेखावर काढलं, या वेळी दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेऊन. पायथा (०, ०). पहिल्या भागाचा शेवट (२.७, ०.२२५). कट्टा तिथून (४.२, ०.२२५) पर्यंत, त्याचा चढ शून्य. परत फिरून दुसरा भाग (२.७, ०.२२५) पासून (०, ०.४५) पर्यंत. पहिल्याचा चढ १/१२. दुसऱ्याचा चढ ०.२२५ भागिले −२.७.

ज्या मुलीच्या कपाळावर जोडतासापासून आठी होती, तिने तो स्वतः काढला. −१/१२. मग पेन्सिलीचं टोक त्या रेघेवर उजवीकडून डावीकडे नेत म्हणाली, "चढ ऋण आहे, पण हा वरच जातोय." आणि तिने मला न विचारता दोन्ही भागांची लांबी काढायला घेतली. √(७.२९ + ०.०५०६). दोन्हीकडे सुमारे २.७१ मीटर. लांबीत ऋण काही आलं नाही, हे तिने शेजारणीला दाखवलं.

दुपारी ४.४०

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन विद्यार्थी प्रतिनिधी आणि मी. सरांनी आलेख नीट पाहिला, साडेचार मीटरचं माप स्वतः बाहेर जाऊन पुन्हा घेतलं. "बाई, गवंड्याला बोलावून खर्चाचा अंदाज घ्या आणि मुलांकडून रीतसर अर्ज लिहून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवू." मुलांना वाटलं होतं की लगेच होकार मिळेल. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं की मापं घेऊन केलेली मागणी टाळणं कुणालाही अवघड जातं, आणि ही मागणी मंजूर होईपर्यंत मी तिचा पाठपुरावा करणार आहे.

संध्याकाळी ५.५०

परतीची लोकल. अर्जाचा मसुदा मांडीवर. मुलांनी लिहिलेली वाक्यं मी बदललेली नाहीत, फक्त शुद्धलेखन.

रात्री ९.००

उद्या एकरेषीय बिंदू. (१, २), (३, ६), (५, १०) या तिन्हींपैकी कुठलेही दोन घेतले तरी चढ २ येतो, म्हणून ते एका रेषेवर. मग तोच निष्कर्ष अंतरावरून: √२० आणि √२० यांची बेरीज √८०. √८० म्हणजे ४√५ आणि √२० म्हणजे २√५, हे ज्यांना चटकन दिसत नाही त्यांच्यासाठी आणखी दोन उदाहरणं काढून ठेवली. चढाने दोन ओळींत होणारं काम अंतराने सहा ओळींत होतं. पण दोन्ही वाटांनी एकदा तरी जायला हवं.

गवंड्यासाठी वेगळा कागद केला. त्यात अपूर्णांक नाहीत, अक्ष नाहीत. पहिला भाग आडवा २७०० मिलिमीटर, उंची २२५. कट्टा १५०० मिलिमीटर, सपाट, पावसाचं पाणी जायला बाहेरच्या कडेला अगदी थोडा ढाळ. दुसरा भाग २७०० मिलिमीटर, उंची २२५. दोन्ही बाजूंना कठडा. खाली कंसात लिहिलं, की माप तिरकं न घेता आडवं घ्यायचं.